मासळीत गोळी घातली की मांजरं कमी होतील?

काणकोणची: परवा इथे एकाने लिहिलं, "भटक्या मांजरांची नसबंदीची ऑपरेशनं कसली करता? आठवड्याला एक गोळी तारल्यात घाला, प्रश्न मिटला." वाचून डोकं फिरलं. ती गोळी म्हणजे मेजेस्ट्रॉल ॲसिटेट, हार्मोनची गोळी. माज थांबतो, खरं आहे. पण गर्भाशयात पू, आचळांत गाठी, मधुमेह हेही तिच्यामागून येतं. आमच्या परसातल्या भाटीला, म्हणजे मांजरीला, शेजाऱ्यांनी वर्षभर दिली. आचळं लिंबाएवढी सुजली, जमिनीला घासून कातडी सोलवटली. डॉक्टरांनी पोट उघडलं तर गर्भाशय पुवाने टम्म. वाचली नाही ती.

जेटीवाला: लिहिणारा मीच. गोव्यातल्या मालीमच्या मासळी जेटीवर रोज असतो, तीसेक मांजरं आहेत. एक पिंजऱ्यात अडकली की बाकीच्या महिनाभर फिरकत नाहीत. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत भाटी विते. नऊ आठवड्यांत पिल्लं, आणि ती अंगावर पीत असतानाच आई परत गाभण. तोवर काय, बघत बसू?

तिसवाडीकर: गोळी गेली कुणाच्या पोटात, ते कळतं तुम्हाला? दांडगा बोका पहिले तीन तुकडे गिळतो, बुजरी भाटी टोपल्यांमागे उपाशी. एखादा आठवडा चुकला की ती माजावर. आधीच गाभण असेल तर विताना अडते. आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा कोण घालतो गोळी?

जेटीवाला: मी जातो. भात आणि सुके बांगडे घेऊन. पावसात निम्मी येत नाहीत, तेवढं कबूल.

किनाऱ्यावरून: गोळी राहू दे. ऑक्टोबर ते मे किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, म्हणजे हंगामी खानावळींत, पाहुणे टेबलाखाली सुंगटं (कोळंबी) टाकतात, मांजरं वाढतात. शॅक उठले की तीच आमच्या दारात. बाहेरून येतात, लाड करतात, जातात. निस्तरायचं आम्ही.

पेडणेकर: बाहेरच्यांवर ढकलू नका! पोत्यात घालून पिल्लं बाजारात सोडणारे आपलेच लोक. आठवीत असताना आईने सांगितलं म्हणून मी स्वतः तीन पिल्लं म्हापशाच्या बाजारात सोडली. कापडी पिशवी होती, आतून नखं माझ्या मांडीला लागत होती. मागे वळून बघितलं नाही. आज पन्नाशी आली, तिथून जाताना अजून पाय अडखळतो.

किनाऱ्यावरून: तुमच्या पिशवीचं पाप आमच्या माथी का? माझ्या दारात आत्ता अकरा आहेत, अकराही शॅकवरची!

पेडणेकर: मग त्यातल्या किती पकडून नेल्यात?

काणकोणची: भांडू नका. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं ते वाड्यावाड्यावर फिरून कुत्र्यांना टोचलं म्हणून. माणसं हातात जाळी घेऊन धावली. मांजरांसाठी तसं फिरायला कुणी नको, म्हणून गोळी सोपी वाटते.

जेटीवाला: बरं, कायमची गोळी नको, मानलं. पण तारीख मिळेपर्यंत, डॉक्टरांना विचारून, एकेकीला समोर बसवून?

काणकोणची: डॉक्टरांना विचारून म्हणताय म्हणून गप्प बसते. पण मला ते आवडलेलं नाही. पिंजऱ्याचं दार तारेने बांधून उघडं ठेवा, आठवडाभर आतच खायला घाला. सवय झाली की तार सोडा. ऑपरेशन झालेलीच्या कानाचं टोक कापायला सांगा, म्हणजे तीच परत पकडली जाणार नाही.

जेटीवाला: दोन पिंजरे लागतील. माझ्याकडे एकच.

पेडणेकर: दुसरा मी आणतो. रविवारी पहाटे, ट्रॉलर लागायच्या आधी.