फुलांच्या उठावशिल्पांचे आर्ट प्रिंट: फोटो सपाट का येतो?

गेरूमाती: जासवंद, नेचा, सोनटक्का मातीच्या लादीत दाबून वर प्लास्टर ओतलेली उठावशिल्पं आहेत. आकार 30 × 45 सें.मी., कळ्यांजवळ उंची 2 सें.मी. रंग नाही, पांढरंच. त्यांचे 24 × 36 इंची मर्यादित आवृत्तीचे प्रिंट काढायचेत. कॅमेरा 24 मेगापिक्सेल. दोन बाजूंना दोन सॉफ्टबॉक्स (पांढरं कापड लावलेले, मऊ उजेडाचे दिवे) लावले की पाकळ्यांच्या शिरा गायब होतात. प्रकाश, कागद, आवृत्ती, तिन्हींबद्दल सांगा.

तिरपा_उजेड: दुसरा सॉफ्टबॉक्स आधी बंद करा. दोन्हीकडून सारखा उजेड आला की एकाची सावली दुसरा पुसतो, आणि पांढऱ्या शिल्पात सावलीशिवाय दुसरं आहे काय?

एकच दिवा, वरच्या डाव्या कोपऱ्याकडून. खालून उजेड आला तर उठाव डोळ्याला खोलगट भासतो. दिव्याचा कोन लादीपासून मोजा: 15 अंशांवर 2 सें.मी. उंच कळीची सावली साडेसात सें.मी. पडते आणि शेजारचं पान गिळते. 30 अंशांवर साडेतीन. कळ्यांच्या लादीला 25-30, नुसत्या नेच्याला 15 पुरे. दिव्याच्या समोरच्या बाजूला पांढरा नको, काळा पुठ्ठा उभा करा.

दिवा फार जवळ नको. 50 सें.मी.वर ठेवलात तर लादीच्या जवळच्या कडेला लांबच्या कडेपेक्षा साडेतीन पट उजेड पडतो. 2 मीटरवर हाच फरक दीडपट उरतो. तेवढा नंतर सावरता येतो.

एका फोटोत 36 इंचांवर जेमतेम 167 पीपीआय (इंचामागे पिक्सेल) मिळतात. 2 × 2 असे चार भाग, 30 टक्के एकमेकांवर चढवून घ्या. जोडल्यावर 280च्या आसपास येतील. मात्र कॅमेरा सरकवा, लादी नाही. लादी दिव्याखाली हलवली की प्रत्येक भागात सावलीची दिशा बदलते आणि जोड लपत नाही. लेन्सचं छिद्र एफ/8 वर ठेवून प्रत्येक भागाचे तीन वेगळ्या फोकसचे फोटो एकत्र करा. एफ/16 वर, म्हणजे आणखी बारीक छिद्रावर, एका फोटोत भागेल असं वाटतं, पण तिथे बारीक शिरा मऊ पडतात. सर्वांत उजळ पाकळी (0 काळा, 255 पांढरा या मापात) 240च्या वर जाऊ देऊ नका.

कागदवाला: कागद गुळगुळीत मॅट, शंभर टक्के कापसाचा, 300 जीएसएमच्या वरचा, ‘फोटो रॅग 308’ नावाचा चालेल. खरखरीत एचिंग कागद दुकानात हातात छान वाटतो, पण त्याचा पोत प्लास्टरच्या पोताशी भांडतो. मॅट कागदावर गडद सावल्या एकमेकींत मिसळतात, म्हणून त्या कागदाचं प्रोफाइल (प्रिंटर-कागदाच्या रंगांची फाइल) लावून स्क्रीनवर पाहा आणि सावल्या थोड्या उचला. पूर्ण प्रिंटआधी 8 इंची पट्टी काढा, तीत सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ भाग दोन्ही हवेत. करडा रंग हिरवट किंवा गुलाबी झुकला तर प्रिंटरचा कृष्णधवल मोड वापरा. फ्रेमआधी निदान 24 तास वाळू द्या. काच प्रिंटला टेकता कामा नये, पावसाळ्यात तिथेच बुरशी धरते.

आवृत्ती 20-25 प्रतींची पुरे. वेगळ्या आकाराची आवृत्ती काढायची असेल तर ते पहिली प्रत विकण्याआधी जाहीर करा. सही पेन्सिलीने, समासात.

ठसा: हे सगळं बरोबर, पण शेवटी तो शिल्पाचा फोटोच. मुद्राचित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांनी 1970च्या दशकात ‘वुंड्स’ मालिकेत कागदाच्या लगद्यातच उठाव घेतला. पांढऱ्यावर पांढरं, शाई नाही. तुमच्या लादीवरून सिलिकॉनचा साचा काढा, त्यात कापसाच्या चिंध्यांचा लगदा 4-5 मि.मी. दाबून भरा, स्पंजाने पाणी टिपा. सिलिकॉन पाणी शोषत नाही, त्यामुळे वाळायला दोन-तीन दिवस आणि पंखा लागतोच. ओला असताना उचलला तर कळ्या बसतात.

गेरूमाती: पाकळ्यांच्या कडा खाली वळल्यात, तिथे लगदा अडकेल ना?

ठसा: अडकेल. साचा काढण्याआधी त्या फटी मेणाने बुजवा, मग साचा घ्या. आणि साचा कागदावरून सोलून काढा, कागद साच्यातून ओढू नका.