सरसकट सुट्टी की ज्याची त्याची?

तिठा (धागाकर्ता)

सप्टेंबर २०२५ मधला घोळ आठवत असेल. ईद-ए-मिलादची सुट्टी शासनाच्या सुट्ट्यांच्या यादीत शुक्रवारी, ५ तारखेला होती आणि अनंत चतुर्दशी शनिवारी, ६ ला. दोन मिरवणुका एकमेकींवर यायला नकोत म्हणून मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी जुलूस सोमवारी, ८ तारखेला काढायचं ठरवलं. २०२३ आणि २०२४ लाही त्यांनी असंच केलं होतं. त्याबद्दल त्यांचं कौतुकच. पण मग शासनाने सुट्टीही ८ ला नेली, तीही फक्त मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांत. बाकी महाराष्ट्रात ५ तारीखच. म्हणजे शुक्रवारी मुलुंडमध्ये काम सुरू आणि नाका ओलांडून ठाण्यात सगळं बंद. सोमवारी बरोबर उलटं. माझं गोदाम भिवंडीत, ऑफिस फोर्टात. मध्ये शनिवार-रविवार. गुरुवारी संध्याकाळी अडकलेला कागद मंगळवारी हलला.

माझं म्हणणं सरळ आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे दिवस सगळ्यांचे, तेव्हा सगळं बंद ठेवा. बाकी सण ज्याचे त्याने पाळावेत. प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षाला दहा-बारा सणरजा द्या, भरपगारी, न विचारता मिळणाऱ्या. कोणी दिवाळीला घेईल, कोणी ईदला, कोणी बुद्धपौर्णिमेला, आणि माझ्यासारखा नास्तिक आंब्याच्या सीझनमध्ये घेईल. कार्यालयं उघडी राहतील. चोवीस सुट्ट्यांच्या यादीत अमक्याचा सण आहे, तमक्याचा नाही, हे दरवर्षीचं रडगाणंही थांबेल.

कल्पना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. सहाव्या केंद्रीय वेतन आयोगाने २००८ मध्ये जवळपास हेच सुचवलं होतं: कार्यालयं फक्त तीन राष्ट्रीय सुट्ट्यांना बंद ठेवा आणि वैकल्पिक (ज्याने त्याने निवडायच्या) सुट्ट्या दोनाच्या आठ करा. पगारवाढ सगळ्यांनी घेतली, ही शिफारस तेवढी फायलीत राहिली.

बी_शिफ्ट

'न विचारता मिळणाऱ्या' या तीन शब्दांवर तुमचा सगळा डोलारा उभा आहे दादा. अशी रजा कुठे मिळते ते सांगा, उद्या बायोडेटा पाठवतो.

आमच्याकडे हक्काची रजासुद्धा सुपरवायझरच्या मूडवर असते. लाइन थांबली की मागणी रद्द. दिवाळीला सगळा कारखाना बंद असतो म्हणून आम्ही घरी असतो. 'तुझी तू घे' म्हटलं तर डिस्पॅच नेमका लक्ष्मीपूजनालाच निघेल. गेट बंद असणं हीच आमची सुट्टी.

टोकन_नंबर

बँकेत आयुष्य गेलं म्हणून थोडी कायद्याची बाजू, कारण इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय.

शासन जी चोवीस दिवसांची यादी काढतं, ती परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ खाली (चेक बाउन्सवाला तोच कायदा). ती बँका आणि सरकारी कार्यालयांना लागू. खाजगी दुकान-ऑफिसला तिचं बंधन नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात भरपगारी सुट्ट्या आठ. चार ठरलेल्या, म्हणजे तिठा यांनी वर लिहिल्यात त्याच. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या, तेही वर्ष सुरू होण्याआधी. छोट्या दुकानांना तर तेवढंही नाही. तेव्हा 'चोवीस सुट्ट्यांचं राज्य' हे राज्यातल्या थोड्या नोकरदारांपुरतंच खरं आहे. त्यातही राज्य शासनाला २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झालाय, म्हणून बंद दारं जास्त डोळ्यांत भरतात.

आणि सुट्टी हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट म्हटलंय. दादरा-नगर हवेलीतल्या २ ऑगस्टच्या सुट्टीचं प्रकरण होतं. आधीच सुट्ट्या फार झाल्यात, असंही ऐकवलं होतं.

पाटावरचा

मग द्यायच्याच तर लोकसंख्येच्या हिशेबाने द्या की. २०११ च्या जनगणनेत राज्यात हिंदू जवळपास ८० टक्के. लाखो लोक पायी पंढरपूरला जातात, त्या आषाढी एकादशीला राज्याच्या यादीत जागा नाही. पारशी नववर्षाला आहे. मुंबईतले मूठभर लोक सोडले तर पतेती कुणाला माहीत तरी आहे का?

उगाच_एक

पाटावरचे, पारशांच्या सुट्टीवर जळू नका. शहेनशाही पंचांगात लीप वर्ष नाही, त्यामुळे त्यांचं नवं वर्ष दर चार वर्षांनी एक दिवस मागे येतं. २०२३ पर्यंत १६ ऑगस्टला होतं. २०२४ पासून २०२७ पर्यंत १५ ऑगस्टला. म्हणजे चार वर्षं ती सुट्टी स्वातंत्र्यदिनाने गिळली आहे. तुमच्या वाट्याचं काही गेलेलं नाही.

आणि आषाढीला एक दिवस सुट्टी देऊन वारकऱ्याला काय मिळणार? त्याला आळंदीपासून चालायला अडीच-तीन आठवडे लागतात. एका दिवसाची सुट्टी साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्यांना हवी असते. (मीही त्यातलाच.) २०२३ ला २९ जूनला आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तेव्हा तुम्हाला एकादशीची सुट्टी मिळाली ती ईदच्या नावाने. पंढरपुरात आणि इतर बऱ्याच गावांत मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी केली नाही, पुढे ढकलली.

पाटावरचा

माहितीबद्दल आभार. पण तत्त्व तेच राहतं. बहुसंख्यांच्या सणाला सुट्टी ही सोय आहे. इतरांच्या सणाला सगळ्यांनी घरी बसायचं, हा दिखावा आहे.

शीरखुर्मा

दिखावा म्हणा, पण त्या दिखाव्यामुळेच मी ईदला घरी असते. आधी तिठा यांना उत्तर देते, मग तुम्हाला.

रमजान ईद कधी, हे चाँदरातीला कळतं. आदल्या संध्याकाळी. तुमच्या कोट्यात मी कुठल्या तारखेचा अर्ज टाकू? सोमवारचा की मंगळवारचा? मी खाजगी ऑफिसात आहे. आमच्या विभागात एकटीच मुसलमान. दरवर्षी मॅनेजर चांगल्या मनानेच विचारतात, 'नक्की कधी आहे तुमची ईद?' मी म्हणते, चाँद दिसल्यावर सांगते. मग ते हसतात, बाकीचे हसतात, आणि 'मीटिंग टेंटेटिव्ह ठेवू या' म्हणतात. त्यात वाईट कुणाच्या मनात नसतं. पण दिवाळीची तारीख कुणाला विचारावी लागत नाही, पाडव्याला कुणी 'टेंटेटिव्ह' म्हणत नाही. सगळं ऑफिस बंद असलं की मला काहीच सिद्ध करावं लागत नाही. तुमच्या योजनेत प्रत्येक सणाला मी हात वर करायचा: साहेब, मी वेगळी आहे, मला आज जाऊ द्या.

पाटावरचे, शेजारी ईदला घरी असतो म्हणूनच तो शीरखुर्म्याला येतो. ऑफिसला गेलेला माणूस रात्री नऊला येतो आणि डबा घेऊन जातो.

तिठा

शीरखुर्मा ताई, चाँदाचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. आज काय होतं? शासन वर्ष सुरू व्हायच्या आधीच तारीख छापून मोकळं होतं. चाँद एक दिवस पुढे गेला की सुट्टी आदल्या दिवशी वाया जाते किंवा ऐनवेळी नवी अधिसूचना काढावी लागते. सणरजेत तारीख तुमच्या हातात. आदल्या रात्री मेसेज टाकायचा, बस.

हात वर करण्याचं म्हणाल, तर तो आज फक्त तुम्हाला करावा लागतो म्हणून जड जातो. माझ्या पद्धतीत लक्ष्मीपूजनालाही प्रत्येकाने अर्जच करायचा आहे. मॅनेजरनेसुद्धा.

शीरखुर्मा

विभागातल्या सगळ्यांनी लक्ष्मीपूजनाला अर्ज केला की ऑफिस आपोआप बंद. ईदला मी एकटीने केला की ऑफिस चालू आणि माझं काम टेबलावर साठलेलं. नियम सारखा असून उपयोग काय?

बी_शिफ्ट

+१. हेच मला सांगायचं होतं, जमलं नव्हतं.

रात्रपाळी

सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. आम्हाला सुट्टीचा दिवस असा नसतोच, तरी यादीचा आम्हाला फार उपयोग होतो. तो असा.

वॉर्डात ड्युटीचा तक्ता लागतो, तो आधी पेन्सिलने. नाताळच्या आधीची रात्र केरळच्या मुलींना मोकळी हवी असते, चर्चला जायचं असतं. ती रात्र आम्ही करतो. लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज त्या करतात. १४ एप्रिलला आणि दसऱ्याला ज्यांना दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला जायचं असतं, त्यांच्या जागी कोणीतरी उभं राहतं. मग सिस्टर इन्चार्ज शाईने गिरवतात. हे प्रेमापोटी होतं असं कोणी समजू नका, भांडणंही होतात. पण जमतं, कारण हे सगळे दिवस यादीत 'सुट्टी' म्हणून छापलेले आहेत. त्या दिवशी काम केलं तर बदली सुट्टी मिळते. नाताळची किंमत आणि दिवाळीची किंमत कागदावर एकच.

यादी काढून टाकली तर त्यांचा नाताळ ही त्यांची खाजगी अडचण होईल. मी त्यांच्यासाठी रात्र काढली तर ते माझे उपकार ठरतील. आज ती अदलाबदल आहे. तिठा साहेब, तुमच्या पद्धतीत बदली सुट्टी कुणाला आणि कशाबद्दल मिळणार?

मडगांवकार

आमच्या गोंयची गोष्ट सांगतो. २०११ प्रमाणे इथे ६६ टक्के हिंदू, २५ टक्के ख्रिस्ती, ८ टक्के मुसलमान. यादीत चवथीचे दोन दिवस आहेत, आणि ३ डिसेंबरला गोंयच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त. मग १९ ला मुक्तिदिन, २५ ला नाताळ. डिसेंबरात सरकारी काम काढू नये हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पण म्हणून कुणी 'फेस्ताची सुट्टी फक्त कातोलिकांना द्या' म्हटलेलं मी ऐकलं नाही. ३ तारखेला जुन्या गोव्याला हिंदूही जातात, सायबाला मेणबत्ती लावतात. चवथीला शहरातली माणसं आपापल्या गावच्या मूळ घरी जातात, अर्धा बाजार बंद असतो, तेव्हा शेजारचा ख्रिस्ती कुत्र्याला जेवण घालतो. एकाला सुट्टी आणि दुसऱ्याला नाही, असं झालं तर हे जाणं-येणं किती टिकेल?

पाटावरचा

गोव्याचं गोव्याला. तिथे सुशेगाद चालतं. इथे राज्याचा गाडा ओढायचाय.

मडगांवकार

ओढा हो. आम्ही डिसेंबरात बसून बघतो.

टोकन_नंबर

गाड्याचाच विषय निघाला म्हणून २०२६ ची यादी बघा. १९ मार्च गुढीपाडवा, २१ ला रमजान ईद, २६ ला रामनवमी, ३१ ला महावीर जयंती, ३ एप्रिलला गुड फ्रायडे. सोळा दिवसांत चार धर्मांचे पाच सण, आणि मधोमध आर्थिक वर्षाची अखेर. २०२५ ला ३१ मार्चला ईद आली तेव्हा रिझर्व्ह बँकेने सरकारी भरणा घेणाऱ्या बँकांना उघडं राहायला सांगितलं होतं. म्हणजे गरज पडली की सुट्टी बाजूला ठेवता येते, त्यासाठी अख्खी यादी फाडावी लागत नाही.

तिठा यांचा मूळ राग मात्र मला पटतो. सुट्टी हलवायची तर राज्यभर हलवा किंवा हलवू नका. आणि ऐनवेळी नको. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे मिलाद आणि गणपती कधी एकत्र येणार हे कितीतरी वर्षं आधी मांडता येतं, एखाद्या दिवसाचा फरक सोडला तर. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्याने अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला गेली आणि मिलाद ऑगस्टअखेरीस. गाठ सुटली. पुन्हा पडेल तेव्हा तरी दोन महिने आधी सांगा.

उगाच_एक

शासन दोन महिने आधी सांगेल. आणि मी उद्यापासून व्यायाम सुरू करणार आहे.

तिठा

रात्रपाळी ताईंचा बदली सुट्टीचा प्रश्न योग्य आहे. रुग्णालय, एसटी, पोलीस, अग्निशमन यांना सध्याचीच यादी ठेवा. बाकीच्यांबद्दल मी ठाम आहे. तलाठी कार्यालयात फेरफारासाठी दोनशे रुपये एसटीला घालून आलेला शेतकरी दाराला कुलूप बघून परत जातो, त्याचा सण कुठला हे कोणी विचारत नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी दार लावायचं आणि त्याला सलोखा म्हणायचं, हे मला मान्य नाही. चारजणांच्या कार्यालयात सणाच्या दिवशी एक माणूस खिडकीवर बसू शकतो, आणि तो ज्याचा सण नाही तो असावा. तीच अदलाबदल, फक्त दार उघडं ठेवून.

बी_शिफ्ट, खाजगीतल्या चार सणांबद्दल टोकन यांनी लिहिलंय तसं कायद्यात आधीच आहे. मिळून ठरवायचे. मग ते चार गटाऐवजी ज्याचे त्याने ठरवले तर तुमचं काय बिघडतं?

बी_शिफ्ट

मिळून ठरवायचे? दादा, डिसेंबरात नोटीस बोर्डवर छापील कागद लागतो. होळी, गणपती, दसरा, दिवाळी. खाली एचआरचा शिक्का. आमच्याशी कोणी बोललेलं मला तरी आठवत नाही. माझ्या शेजारच्या मशीनवरचा पोरगा ईदला येत नाही, त्याचा त्या दिवसाचा खाडा पडतो, पगार कापला जातो. दरवर्षी. होळीला मात्र तो घरी बसतो भरपगारी, कारण गेट बंद.

तुमच्या योजनेत होळीच्या बदल्यात त्याला ईद भरपगारी मिळणार असेल तर मी सही करतो. माझी दिवाळी मात्र गेट बंद ठेवूनच हवी.

तिठा

भरपगारीच. नाहीतर प्रस्तावाला अर्थच नाही. दिवाळीचं गेट बंद, हेही चालेल.

शीरखुर्मा

म्हणजे दिवाळीला गेट बंद आणि ईदला अर्ज. तिठा भाऊ, फिरून तिथेच आलात की.