देवाचे पाचारण आधी शोधायचे, की हातातल्या कामातून ओळखायचे?

मंडळीतील एक वडील, सदर

नागपुरातल्या आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात एक प्रश्न वारंवार विचारला जातो : माझ्या आयुष्यासाठी देवाची नेमकी योजना, म्हणजे माझे पाचारण (देवाचे बोलावणे) कोणते, हे मला कसे कळेल? प्रश्न मोलाचा आहे. पण त्याचे उत्तर मिळेपर्यंत हातपायच हलवायचे नाहीत, ही त्यामागे वाढत चाललेली वृत्ती मला घातक वाटते. बी.एस्सी. झालेला एक मुलगा नोकरीसाठी अर्ज करत नाही, ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासालाही जात नाही. शब्बाथ शाळेतला, म्हणजे चर्चमधल्या धर्मशिक्षणाचा, लहान मुलांचा वर्ग घे म्हटले, तर त्यासाठी आपल्याला बोलावणे आहे का यावर प्रार्थना करतो आहे, असे सांगतो. मोबाइलवर रोज सकाळी येणाऱ्या वचनात तो आपल्या भवितव्याची खूण शोधत बसतो.

पवित्र शास्त्राने देवाची इच्छा अशी दडवून ठेवलेली नाही. न्यायाने वागणे, दयेची आवड धरणे आणि देवासमोर नम्रपणे चालणे, हे मीखा ६:८ मध्ये स्पष्ट आहे. पवित्र जीवन जगावे आणि स्वतःच्या हातांनी काम करावे, हे १ थेस्सलनीकाकर ४ मध्ये आहे. पौल प्रेषित होता आणि करिंथात अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबूही शिवत होता. अंत्युखियात बर्णबा व पौल यांना सेवाकार्यासाठी वेगळे काढण्याची सूचना पवित्र आत्म्याने उपासना व उपास करणाऱ्या मंडळीला दिली, एकांतात बसलेल्या एखाद्या व्यक्तीला नव्हे.

नागपूरचेच पाहा. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून येथे आले ते मिशनरी म्हणून. त्यांनी सुवार्ता सांगितली, शाळा चालवली. त्याच वर्षांत या परिसरातले खडक आणि जीवाश्म अभ्यासले, गोंडांची भाषा आणि परंपरा टिपून ठेवल्या, आणि १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पाण्याच्या लोंढ्यात बुडून त्यांचा अंत झाला. यांतले पाचारण कोणते आणि आवड कोणती, हे आधी ठरवून मग काम सुरू करायचे असते, तर त्यांचे निम्मे काम झालेच नसते. म्हणून माझे म्हणणे एवढेच की समोर आलेले काम निष्ठेने करावे, मंडळीने ते पाहावे, आणि पाचारण कोणते ते त्या कामातून ओळखावे.

परिचारिका, मोहननगर

दादा, आपला मान राखून मी ठामपणे असहमत आहे. यिर्मया संदेष्ट्याला देवाने उदरात घडवण्यापूर्वीच ओळखले होते, आणि ‘मी लहान आहे’ ही त्याची सबब चालू दिली नाही. अंत्युखियाच्या ज्या वचनाचा आपण आधार घेतला, त्यातच ‘ज्या कामाकरिता मी त्यांना बोलावले आहे’ असे म्हटले आहे. म्हणजे बोलावणे आधीच झालेले होते, मंडळीने नंतर त्यांच्यावर हात ठेवून त्यांना रवाना केले. गलतीकर १ मध्ये तर पौल सांगतो की त्याला बोलावणे आले तेव्हा त्याने मानवांची मसलत घेतली नाही.

कवी नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला आणि १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. समोर आलेले काम निष्ठेने करण्यापुरतेच पाचारण असते, तर हे घडलेच नसते. पुढे १९१७ मध्ये, प्रकृती साथ देत नसताना, मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभा केला. हे पाऊल कोणत्या समितीच्या ठरावातून आले असते?

मी स्वतः कायमची नोकरी सोडली. वॉर्डातून घरी पाठवलेले अंथरुणाला खिळलेले रुग्ण काही दिवसांनी पाठीवर जखमा घेऊन परत येताना मी पाहत होते, कारण दर दोन तासांनी कूस बदलायची असते हे घरात कोणालाच कोणी दाखवलेले नसते. आता मी घरोघरी जाते, जखम सलाईनने धुऊन बांधते, आणि गुडघ्याखाली व घोट्याखाली उशी कशी ठेवायची हे सुनेला किंवा मुलाला तीन वेळा करायला लावते. मी हे करावे असे घरच्यांना वाटत नव्हते आणि मंडळीतही कोणी सुचवले नव्हते. तरीही हे मलाच सांगितले गेले आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

निवृत्त शिक्षिका, धंतोली

टिळकांचे नाव निघाले आहे, तर लक्ष्मीबाईंचेही घेतले पाहिजे. पतीने धर्मांतर केले तेव्हा त्या माउलीवर आकाश कोसळले. काही वर्षांची ताटातूट, नातलगांचा आधार आणि नातलगांचेच बोल, पदरी लहान मूल. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण तो पतीच्या मागोमाग नव्हे, तर सोवळ्याओवळ्याच्या आणि जातीच्या प्रश्नांशी स्वतः झगडून, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. पाचारण एकाला येते आणि त्याची किंमत मात्र घरातल्या दुसऱ्याच व्यक्तीकडून वसूल होते, हे आपण साक्ष देताना फार सहज विसरतो.

परिचारिका ताईंचे काम थोर आहे. परंतु ‘देवाने मला सांगितले’ या वाक्यापुढे बायको, आई किंवा पाळकसाहेब यांपैकी कोणालाच काही विचारता येत नाही, आणि त्या वाक्याच्या आड दडलेला हट्टही मी पाहिला आहे. पौलाने मानवांची मसलत घेतली नाही हे गलतीकर १ मध्ये आहे, तसेच पुढच्याच अध्यायात हेही आहे की आपली धाव व्यर्थ ठरू नये म्हणून त्याने यरुशलेमेत जाऊन आपली सुवार्ता प्रमुखांसमोर मांडली. वर्षे लोटली होती, तरी त्याने ती मांडली.

कॅथलिक वाचक, सेमिनरी हिल्स

आमच्याकडे धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या तरुणाची पारख वर्षानुवर्षे चालते आणि त्या काळात परत जाण्याची वाट खुली असते. परत जाणाऱ्याला कोणी पळपुटा म्हणू नये, अशी अपेक्षा असते. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पांप्लोनाच्या लढाईत पाय मोडून अंथरुणावर पडलेल्या, पुढे येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक झालेल्या इग्नेशियस लोयोला यांच्या लक्षात आले की दरबारातल्या पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मजा येते, पण नंतर मन कोरडे पडते. संतांसारखे जगण्याच्या विचाराने आलेले समाधान मात्र मागेही टिकून राहते. पुढे त्यांनी पारखीची जी पद्धत घालून दिली, तिचे मूळ या अनुभवात आहे. आतला आवाज आणि बाहेरची पारख यांत आपण वैर का मानतो, हे मला समजत नाही.

एक वाचक, हिंगणा

मला मूळ मांडणीतल्या एका गोष्टीची धास्ती वाटते, म्हणून स्पष्ट लिहितो. समोर आलेले काम निष्ठेने करा, या उपदेशामागे बहुतेक वेळा १ करिंथकर ७:२० उभे केले जाते : ज्याला ज्या स्थितीत पाचारण झाले, त्याने त्याच स्थितीत राहावे. सोळाव्या शतकात धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने मठाबाहेरच्या साध्या माणसाच्या कामालाही देवाच्या सेवेचा मान दिला, हे मोठेच काम झाले. परंतु आपल्या देशात ‘आहेस तिथेच राहा’ हे वाक्य ज्यांच्या पिढ्यांनी ऐकले, त्यांना ते सुवार्तेसारखे ऐकू येत नाही. माझ्या आजोबांना त्यांचे काम जन्माने नेमून दिलेले होते, आणि ते निष्ठेने करावे असा उपदेश करणाऱ्यांची कधीच वानवा नव्हती. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी नेमून दिलेली स्थिती नाकारली, त्या शहरात राहून आपण हे वचन इतक्या सहज कसे वाचतो?

पौलाने लगेच पुढच्या, २१ व्या वचनात दासाला सांगितले आहे की मोकळे होता येत असेल तर अवश्य हो. ते वचन व्यासपीठावरून मी फार क्वचित ऐकले आहे. देव मला नावाने ओळखतो आणि माझ्यासाठी जातीने न ठरवलेले असे काही त्याच्याजवळ आहे, ही श्रद्धाच आमच्या घराला उभे करून गेली. तरुणांकडून ती काढून घेऊ नका.

मंडळीतील एक वडील, सदर

२१ वे वचन २० व्याबरोबरच वाचले पाहिजे, हे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि या विषयावर पुढे बोलताना मी दोन्ही वाचीन. जन्माने लादलेल्या कामाला मी पाचारण म्हणत नाही. नाव घेऊन हाक मारणारा देव मीही नाकारत नाही. ती हाक ऐकू येईपर्यंत शेजाऱ्याचे ऋण थांबवून धरण्याला माझा विरोध आहे. परिचारिका ताई, आपल्यालाही ती हाक वॉर्डात, त्या जखमा धूत असतानाच ऐकू आली ना? कामावर नसता, तर त्या जखमा आपल्याला दिसल्या असत्या का?

त्या मुलाबद्दल मी पाळकसाहेबांशी बोललो आहे. त्याने एक वर्ष शब्बाथ शाळेचा वर्ग घ्यावा, सोबत नोकरीसाठी अर्ज करावेत, आणि वर्षाअखेरीस पाळकसाहेब व आम्ही दोघे-तिघे वडील त्याच्याबरोबर बसू, असे ठरते आहे.

परिचारिका, मोहननगर

जखमा त्या वॉर्डातल्या सगळ्यांनाच दिसत होत्या, दादा. अस्वस्थ होऊन बाहेर पडावेसे एकीलाच वाटले, आणि हा फरक कामाने पडला असे मी मानणार नाही. शिक्षिका बाईंचा मुद्दा मात्र मी मनावर घेतला आहे. मी नोकरी सोडल्यावर घरखर्च माझ्या धाकट्या भावावर आला आणि त्याला आम्ही कोणी विचारले नव्हते.

त्या मुलाबरोबर वर्षाअखेरीस बसाल, तेव्हा त्या बैठकीत एखादी स्त्री असावी आणि त्याच्या आईलाही बोलवावे, अशी माझी विनंती आहे. आणि त्याने ‘देवाने मला वेगळे काही सांगितले आहे’ असे म्हटले, तर वर्ग किती नियमित घेतला हे तपासण्याआधी त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.