मदत हवी आहे : कराड ते पुणे, गाडीत आबांसाठी रेडिओवर काय लावू?

नमस्कार मंडळी,

माझे वडील, आबा, ७५ वर्षांचे आहेत. कराड आगारात एसटीवर ड्रायव्हर होते. गणपतीनंतर त्यांची केमो सुरू झाली. दर २१ दिवसांनी मी त्यांना घेऊन पुण्याला जाते आणि त्याच दिवशी परत येते. चार खेपा झाल्या, चार राहिल्यात. भाऊ परदेशात असतो, त्यामुळे गाडी मीच चालवते. पहाटे पाचला निघतो, साडेआठच्या आत दवाखान्यात नंबर लावावा लागतो. परतीला दुपारचे तीन-साडेतीन वाजतात.

प्रश्न साधा वाटेल, पण मला तो खरंच सुटत नाहीये. गाडीत काय लावू?

पहिल्या खेपेला मी पेन ड्राइव्हवर दोनेकशे जुनी मराठी गाणी भरून नेली होती. भावगीतं, अभंग, थोडी नाट्यगीतं. तासवड्याच्या टोलनाक्यापर्यंत आबा ऐकत होते. मग आईचं आवडतं एक गाणं लागलं आणि त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. मी पुढचं लावलं, तेही तिचंच. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी जी गाणी गोळा केली होती ती सगळी आई स्वयंपाक करताना लावायची तीच होती. माझ्या कानात तीच बसलेली, दुसरी कुठली येणार? आई जाऊन दोन वर्षं झाली. अतीतच्या अलीकडे मी ते बंद केलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आबाच म्हणाले, "रेडिओ लाव की. त्यो कुणाचा नसतो."

तेव्हापासून रेडिओच. पण आमच्या रस्त्यावर एक स्टेशन धड शेवटपर्यंत टिकत नाही. कराडला कोल्हापूरचं १०२.७ कधी स्वच्छ, कधी खरखरत लागतं. उंब्रज सोडलं की सातारा आकाशवाणी १०३.१ चांगलं येतं. सुरूरच्या पुढे तेही जातं. खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळपर्यंत नुसती खरखर, आणि मग कुठे पुणे विविध भारती १०१ वर पकडतं. मध्ये खाजगी वाहिन्या येतात-जातात, पण आबांना त्यांचा वेग सोसत नाही. त्यांना बातम्या हव्या असतात, त्याही तिथे नसतात.

मागच्या खेपेला पाचवडजवळ मी स्टेशन शोधत होते. दोन-तीन सेकंदच नजर खाली होती. वर बघते तर पुढे उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ब्रेक लागला, काही झालं नाही. आबा मला एक शब्द बोलले नाहीत. पण त्यांचा उजवा पाय त्यांच्या बाजूच्या मॅटवर घट्ट दाबलेला होता, आणि गाडी पुन्हा चालू लागली तरी तो तसाच होता. ते मला फार लागलं.

तर जाताना काय लावावं, ज्यात मला सारखं बटण फिरवावं लागणार नाही? आणि येताना काय? येताना आबा मागच्या सीटवर आडवे असतात. मळमळत असतं, आवाज नको असतो. पण मला दुपारी त्या सरळ रस्त्यावर डोळ्यांवर पेंग येते, पूर्ण शांतता मला चालत नाही. कुणी असा प्रवास केला असेल तर कृपया सांगा.

घाटवाट :
ताई, आधी आबांना नमस्कार सांगा.

तुम्ही एफएमवरच शोधताय. तुमच्या गाडीच्या स्टिरिओवर 'बँड' किंवा 'एएम' असं बटण आहे का बघा. पुणे आकाशवाणी मध्यम लहरींवर, म्हणजे एएमवर, ७९२ किलोहर्ट्झला आहे, १०० किलोवॉटचं प्रक्षेपण. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की संपल्या. मध्यम लहरी जमिनीला धरून लांबवर जातात, म्हणून त्या घाटापलीकडेही पोचतात. कराडपासून पुण्यापर्यंत तुम्हाला बहुधा स्टेशन बदलावंच लागणार नाही. आवाज एफएमइतका गोड नसतो, पण बोलणं स्पष्ट कळतं, आणि तुमच्या आबांच्या कानांना तो आवाज परका नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. आपल्याकडे मध्यम लहरींची स्टेशनं नऊ-नऊच्या अंतरावर असतात. काही स्टिरिओ दहाच्या टप्प्यावर लावलेले असतात. आकडे ७९०, ८०० असे पळायला लागले आणि ७९२ येतच नसेल, तर सेटिंगमध्ये 'एरिया' बदलून घ्या. दुसरं, मोबाइलचा चार्जर सॉकेटमधून काढून ठेवा. स्वस्तातले चार्जर मध्यम लहरींवर फार गुणगुणतात. लोकांना वाटतं रेडिओच बिघडला.

बोगद्यात मात्र हे एफएमपेक्षाही लवकर जाईल. घाबरू नका, बाहेर पडलात की आपोआप परत येतं.

कृष्णाकाठ :
बातम्यांचं सांगते. खाजगी एफएमना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुढे लावता येतात इतकंच. म्हणून तिथे शोधून उपयोग नाही. आबांसाठी सकाळी ७.१० चं पुण्याचं प्रादेशिक बातमीपत्र धरा. पाचला निघालात तर त्या वेळेला तुम्ही शिरवळच्या आसपास असाल.

रात्रपाळी :
न्यूज ऑन एअरचं अ‍ॅप घ्या, आकाशवाणीची बरीच केंद्रं मोबाइलवर मिळतात. खरखर नाही, काही नाही.

धागाकर्ती :
रात्रपाळी, ते करून बघितलं. खंबाटकीत नेट जातं आणि मग चाक फिरत बसतं. शिवाय मोबाइलवर भावाचा फोन येतो, नकाशा चालू असतो. त्यात आणखी एक काम नको वाटतं.

घाटवाट, एएमचं बटण आहे! सात वर्षांत मी ते एकदाही दाबलं नव्हतं. आत्ता अंगणात जाऊन लावलं तर ७९२ येतंय. आबा खिडकीतून विचारत होते, कुठं निघालीस.

पण येतानाचं अजून कळत नाही.

निवडुंग :
येतानाचं मी सांगू शकेन. माझ्या मिस्टरांची केमो २०१९ साली झाली. आम्ही सोलापूरहून पुण्याला यायचो.

त्या दिवसांत खाल्लेल्या पदार्थाचा नंतर वीट येतो, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल. आमच्याकडे ते शिऱ्याचं झालं. पहिल्या तीन खेपांना मी हौसेने शिरा करून नेला, आणि आज सहा वर्षांनीही घरात शिऱ्याचा वास आला तर ते बाहेर जाऊन उभे राहतात. वासाचं होतं तसं आवाजाचंही होऊ शकतं असं मला अनुभवाने वाटतं. परतीच्या वाटेवर आम्ही त्यांचं आवडतं शास्त्रीय गाणं लावायचो, एक गायक फार जवळचे होते. ते त्यांनी नंतर ऐकणंच सोडलं. ती माझी चूक मला अजून बोचते.

म्हणून ताई, आबांच्या आवडीचं काहीही येताना लावू नका. सकाळचा रेडिओ सकाळचाच राहू द्या. तो त्यांच्याकडे पुढेही राहिला पाहिजे, हे सगळं संपल्यावरही.

तुमच्या झोपेसाठी स्टिरिओमध्ये 'बॅलन्स' आणि 'फेडर' असतं. आवाज पूर्ण पुढे आणि पूर्ण उजवीकडे सरकवा, म्हणजे तो फक्त तुमच्या दारातल्या स्पीकरमधून येईल. बारीक ठेवा. मागच्या सीटवर जवळजवळ काही पोचत नाही. त्यावर बोलण्याचं काहीतरी लावा, गाणी नको. गाण्याने पेंग वाढते, बोलण्याने माणूस जागा राहतो. सामना चालू असेल तर समालोचन सगळ्यात उत्तम. आणि तरीही डोळे मिटायला लागले तर गाडी बाजूला घ्या, वीस मिनिटं झोपा. आबा अर्धा तास उशिरा घरी पोचले तर चालेल.

घाटवाट :
निवडुंगताईंचं म्हणणं सोळा आणे खरं.

एक राहिलं होतं. जाताना आबा पुढे बसतात ना? मग बटण त्यांच्याकडे द्या. आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस आहे. बाजूच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसणं त्यांना आजारापेक्षा जड जात असेल.

धागाकर्ती :
काल पाचवी खेप झाली. सगळ्यांना सविस्तर सांगायचं होतं म्हणून आज निवांत बसून लिहितेय.

पाचला निघालो. मी ७९२ लावून ठेवलं होतं, पण नुसती सळसळ. मला वाटलं चुकलं काहीतरी, चार्जर तर काढला होता. आबा म्हणाले, "थांब जरा. उघडायचंय अजून." मी बंद करायला गेले तर त्यांनी हात आडवा केला. तशी ती सळसळ आम्ही जवळजवळ तासभर ऐकत होतो. नागठाणे गेलं, शेंद्रे आलं, पलीकडे साताऱ्याचे दिवे. आणि पाच पंचावन्नला आकाशवाणीची ती धून सुरू झाली. मी ती शाळेत असताना ऐकली असेल, मग कधी नाही. आबांनी घड्याळ बघितलं, दोन मिनिटं मागे होतं, ते त्यांनी तिथेच जुळवलं. आमच्या घरातली सगळी घड्याळं ते असंच लावायचे हे मी साफ विसरले होते.

पुढे वंदे मातरम्, मग भक्तिसंगीत. आईच्या आवडीचं एकही लागलं नाही असं नाही. एक लागलं. आबांनी या वेळी खिडकीकडे तोंड केलं नाही. गाणं संपल्यावर निवेदिकेने गायिकेचं नाव सांगितलं, संगीतकाराचं सांगितलं, आणि पुढचं सुरू झालं. रेडिओवर ते आमच्यासाठी कुणी लावलेलं नव्हतं, त्यामुळे थांबवायचं की नाही हा प्रश्नच आला नाही. आबा मग बोलले. आईला ते गाणं पहिल्यांदा पाटणच्या एका लग्नात ऐकायला मिळालं होतं, लाउडस्पीकरवर, आणि जेवणाच्या पंगतीतून उठून ती नाव विचारायला गेली होती. मला हे माहीतच नव्हतं.

बटण त्यांच्याकडेच होतं. फिरवायची वेळ आली नाही, पण आवाज ते कमी-जास्त करत होते. ट्रक बाजूने जात असला की वाढवायचे, टोलनाका आला की कमी करायचे, मला पावती घेताना ऐकू यावं म्हणून. बोगद्यात शिरायच्या आधी त्यांनी स्वतःच आवाज शून्यावर आणला आणि पलीकडे उजेड दिसला तसा हळूहळू परत वाढवला. त्यामुळे ती मोठी खरखर अंगावर आलीच नाही. बातम्या शिरवळ ओलांडल्यावर मिळाल्या. माझी नजर एकदाही खाली गेली नाही.

येताना निवडुंगताईंनी सांगितलं तसं केलं. आवाज फक्त माझ्या दारात. १०१ वर विविध भारती होती तोवर तिथे श्रोत्यांशी गप्पा चालल्या होत्या, त्या ऐकत आले. घाट चढताना ते गेलं. तिथून ७९२ न लावता मी मुद्दाम साताऱ्याचं १०३.१ लावलं, म्हणजे सकाळचं स्टेशन सकाळीच राहील. आनेवाडीला गाडी बाजूला घेऊन पंधरा मिनिटं डोळे मिटले. आबांना एकदा उलटी झाली, पण रडारड, चिडचिड काही नाही. घरी आल्यावर पेज घेतली आणि झोपले.

ताई, तुमच्या मिस्टरांचं वाचून मी रात्री बराच वेळ जागी होते. तुम्ही ते इथे लिहिलंत त्याचे उपकार कसे फेडू?

घाटवाट, एक शंका राहिली. सुरूरच्या अलीकडे रस्त्यावरून विजेच्या मोठ्या तारा जातात. तिथे मिनिटभर असं घूं घूं येतं की शब्द कळत नाही. आबा म्हणतात तेवढं चालतं. पण एरियल बदलून किंवा वर करून काही फरक पडत असेल तर पुढच्या खेपेच्या आधी करून घेईन. अजून २० दिवस आहेत.