श्रीनाथचा आत येणारा चेंडू पोट्ट्यांना मॅटवर कसा शिकवायचा?

दर्यापूरकर

नमस्कार मंडळी. नव्वदच्या दशकात क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांसाठी फास्ट बोलर म्हणजे जवागल श्रीनाथ. ऑफ स्टंपच्या बाहेर पडून बॅट आणि पॅडमधून आत घुसणारा त्याचा चेंडू इथे सगळ्यांनाच आठवत असेल.

गावातले १३ ते १६ वयाचे काही पोट्टे आता टेनिस बॉल सोडून लेदरवर आले आहेत. त्यांना हा चेंडू शिकवायचा आहे. विकेट काथ्याच्या मॅटची, खाली काळी माती. सध्या चेंडू एक तर सरळ राहतो, नाही तर थेट लेगला जातो. ग्रिप, मनगट आणि टप्पा याबद्दल नेमकं सांगा.

शिवणसरळ

दर्यापूरकर, आधी दोन चेंडू वेगळे करा. हवेत वळून आत येणारा इनस्विंग एक आणि टप्पा पडल्यावर शिवणीवर आत येणारा दुसरा. श्रीनाथची खरी ताकद दुसऱ्यात होती. उंची सहा फुटांच्या वर, हात कानाजवळून सरळ खाली, त्यामुळे चेंडू शिवणीवर आदळायचा आणि आत यायचा. मॅटवर शिकवायला हाच बरा, कारण काथ्या शिवण धरतो. हवेतलं वळण चेंडूची चकाकी गेली की संपतं, आणि मॅटवर चकाकी लवकर जाते.

ग्रिप अशी: तर्जनी आणि मधलं बोट शिवणीच्या दोन बाजूंना, जवळजवळ. अंगठ्याची कड खालून शिवणीवर. शिवण उभी, पण पुढचं टोक किंचित फाईन लेगकडे. चेंडू नवा असेल तर चकाकती बाजू ऑफकडे. चेंडू आणि तळवा यांच्यात एक बोट जाईल एवढी जागा हवीच. टेनिसवाला पोरगा चेंडू मुठीत धरतो आणि बहुतेक गडबड तिथेच होते. मुठीतून सुटलेला चेंडू डगमगत जातो, शिवण जमिनीला लागतच नाही.

सोडताना मनगट चेंडूच्या मागे राहू द्या, तर्जनीवर दाब जरा जास्त. मनगट बाजूला मोडून चेंडू 'आत ढकलायचा' प्रयत्न पोरं करतात, तो लगेच थांबवा. त्याने वेगही जातो आणि शिवणही.

तपासायला सोपा उपाय आहे. जुन्या चेंडूच्या शिवणीवर पांढऱ्या इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या. दोन पोरं दहा-बारा पावलांवर समोरासमोर उभी करा आणि रनअपशिवाय, फक्त हात वरून आणून चेंडू टाकायला लावा. पांढरी रेघ उभी दिसली तर बरोबर. ती गरगरली किंवा हलली तर पुन्हा ग्रिप. रेघ उभी राहायला लागेपर्यंत रनअप देऊच नका.

लेगला जाण्याचं कारण बहुतेक वेळा डोकं असतं. चेंडू सोडताना डोकं आणि डावा खांदा डावीकडे कलंडतो, हात अंगावरून आडवा येतो. क्रीजपासून पुढे सरळ दोरी अंथरा आणि चेंडू टाकल्यावर दोन-तीन पावलं दोरीच्या बाजूने सरळ जायला सांगा. मग विकेटवर पाय पडू नये म्हणून बाजूला व्हायचं. आणि सुरुवात चौथ्या स्टंपच्या लाईनवरून, म्हणजे ऑफ स्टंपच्या जरा बाहेर चौथा स्टंप आहे असं धरून. मिडलवर टाकलेला चेंडू आत आला की पायावरच जाणार, त्यात फलंदाजाला फुकटच्या धावा.

काळीमाती

भाऊ, बोलिंगच्या आधी मॅट पाहा लागते. मॅट ढिलं असन तं चेंडू कुठी मुरते, कुठी उसळते, आन् पोट्ट्याले वाटते आपलीच चूक झाली. दोन्ही टोकाकून ताणून घ्या आन् कडेनं खिळे मारा. खिळ्याखाली वायसर टाकला तं काथ्या फाटत नाही. खिळ्याचं डोकं वर राहू देऊ नका.

खालच्या काळ्या मातीले उन्हाळ्यात भेगा पडतेत. त्यायच्यात बारीक माती भरून सांजच्याला पाणी मारा, सकाळी रूळ फिरवा. अंगठा दाबला का ठसा उमटला पाह्यजे, पण माती अंगठ्याले चिकटली नाही पाह्यजे. तवाच रूळ. वली असताना फिरवला तं माती रुळालेच येते.

आखरी एक, मॅटवर खिळ्याचे बूट नाही. खिळा काथ्यात अटकला का गुडघा फिरते. रबरी तळाचेच बूट घाला.

नवाचेंडू

टप्प्याबद्दल बोलतो. श्रीनाथवर टप्पा आखूड ठेवतो ही टीका वर्षानुवर्षं झाली आणि माझ्या मते ती बऱ्याच अंशी खरी होती. पण जेव्हा त्याने चेंडू पुढे टाकला तेव्हा काय झालं पाहा. नोव्हेंबर १९९६, अहमदाबाद. दक्षिण आफ्रिकेला १७० हवे होते, संघ १०५ वर संपला आणि श्रीनाथचे २१ धावांत ६ बळी. फेब्रुवारी १९९९, कोलकाता. पहिल्या सकाळी पाकिस्तान ६ बाद २६, दुसऱ्या डावात त्याचे ८६ धावांत ८, सामन्यात १३ बळी. तरी आपण ४६ धावांनी हरलो. आजही त्या स्पेलइतकं मनाला लागणारं बोलिंग मला आठवत नाही. पोरांना ते व्हिडिओ संथ करून दाखवा आणि विकेटकडे नाही, टप्प्याकडे पाहायला सांगा.

मॅटवर उसळी जास्त, म्हणून टप्पा आणखी पुढे हवा. फलंदाजाच्या स्टंपपासून १६ ते २० फुटांच्या मध्ये, ऑफ स्टंपच्या जरा बाहेर, खडूने एक चौकोन आखा. २४-२५ फुटांवर पडलेला चेंडू कितीही आत आला तरी स्टंपवरून जातो. पोरगा वैतागतो, अजून जोरात टाकतो आणि टप्पा अजून आखूड होतो.

सगळेच चेंडू आत आणू नका, हेही महत्त्वाचं. श्रीनाथसमोर दुसऱ्या टोकाला व्यंकटेश प्रसादचा बाहेर जाणारा लेग कटर असायचा. एक आत, एक बाहेर, म्हणून ती जोडी चालली. एकटा बोलर असेल तर त्याने त्याच ग्रिपवर शिवण अगदी सरळ ठेवून न वळणारा चेंडू मध्ये टाकावा. स्लिपमध्ये झेल त्यावरच येतात.

दर्यापूरकर

फारच उपयोगी, आभार. अजून दोन गोष्टी विचारतो. चेंडू कोणत्या वजनाचा द्यावा? आणि टेनिसवर इतकी वर्षं काढलेल्या पोराला १६ व्या वर्षी लेदरवर आणणं उशिराचं तर नाही ना?

शिवणसरळ

उशीर अजिबात नाही. आपला फास्ट बोलर उमेश यादव नागपूरजवळच्या खापरखेड्याकडचा, वडील कोळसा खाणीत कामाला. तो लेदरवर आला तेव्हा विशीच्या आसपास होता. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी खेळला आणि २०११ मध्ये दिल्लीत कसोटी. टेनिसने त्याचा खांदा बिघडला नाही, वेग मिळाला. बिघडते ती हाताची उंची: टेनिसवर पोरं हात बाजूने फिरवतात. ते मोडायला क्रीजजवळ उजव्या हाताच्या बाजूला, हातभर अंतरावर बांबू उभा रोवा. हात आडवा आला की बांबूला लागतो. बांबूला जुनी गोणी गुंडाळा म्हणजे इजा होणार नाही.

साधा टेनिस बॉल ५६ ते ५९ ग्रॅमचा, मोठ्यांचा लेदर १५६ ते १६३ ग्रॅमचा. जवळपास तिप्पट वजन खांद्यावर एकदम येतं. १३ वर्षांच्या आतल्यांना १३३ ते १४४ ग्रॅमचा लहान चेंडू मिळतो, तोच द्या. १४-१५ च्या पोरांना पूर्ण वजनाचा चालेल, पण एका स्पेलमध्ये ६ ओव्हर आणि दिवसात १२ यापुढे नाही. नेटमधल्याही यातच मोजायच्या, त्या कोणी मोजत नाही. श्रीनाथसारख्या दणकट माणसाला १९९७ मध्ये खांद्याची शस्त्रक्रिया करावी लागली आणि ऐन भरातला काळ बाहेर बसावं लागलं.

एप्रिल-मे मध्ये सकाळी ६ ते ८ एवढंच. खांद्याच्या पुढच्या बाजूला किंवा पाठीत खाली एका बाजूला दुखतं असं पोरगा म्हणाला तर त्या दिवशी चेंडू काढून घ्या. दुखणं आठवडाभर राहिलं तर हाडाच्या डॉक्टरला दाखवा. वाढत्या वयात पाठीच्या मणक्याला बारीक तडा जातो आणि मालिश करून तो भरत नाही.