मदत हवी आहे: प्रेशर गेज टिकत नाही, कोणत्या कंपनीचं घेऊ? (जळगाव)

सरकी_जळगाव
राम राम मंडळी. आमच्या युनिटला प्रेशर गेज टिकत नाही. नवीन लावलं की थोड्या दिवसांत काटा अडकतो, नाहीतर शून्यावर परत येत नाही. आता तर सगळं थंड असतानाही दीड किलो (चौरस सेंटीमीटरला) दाखवतंय. चांगल्या कंपनीचं नाव सांगा, किंमत जास्त असली तरी चालेल. सीझन चालू आहे, घाई आहे. आणि मशीन बंद न करता बदलता येईल का तेही सांगा.

धुळे_फिटर
ग्लिसरीन भरलेलं घ्या, स्टेनलेस केसवालं. काटा थरथरून आतले दाते झिजतात आणि मग अडकतात. ग्लिसरीनने थरथर मरते. त्याच्या मागे एक स्नबर (प्रेशरचे धक्के मारणारा बारीक भोकाचा तुकडा) लावा. हायड्रॉलिक प्रेसला हाच उपाय आहे.

भुसावळ_इन्स्ट्रुमेंट
प्रेस आहे असं त्यांनी कुठे लिहिलंय?
सरकीभाऊ, एवढं सांगा: आत काय आहे, वाफ, पाणी, तेल की हवा? प्रेशर किती चालतं, गेजची रेंज किती? गेज कशावर बसवलंय, मध्ये काय काय आहे? आटे कोणते? हे कळल्याशिवाय कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही, कोणत्याही कंपनीचं गेज त्या जागी तसंच मरेल.

सरकी_जळगाव
वाफ. सरकीच्या कुकरला जाते त्या हेडरवर (वाफ वाटणारा जाड पाईप) गेज आहे. बॉयलर १ टनाचा, पऱ्हाटीच्या ब्रिकेटवर चालतो. प्रेशर ८ ते ९. गेज ०-१०.६ चं आहे. हेडरच्या वरच्या बाजूला निपल, त्यावर बॉल व्हॉल्व्ह, त्यावर गेज.

अमळनेर_बॉयलर
भाऊ, सायफन शे का नही ते पहिले सांग.

सरकी_जळगाव
नाही. बॉल व्हॉल्व्हवर सरळ गेज. जागा आधीपासून तशीच आहे.

भुसावळ_इन्स्ट्रुमेंट
मग कारण समोर आहे. ८ किलोच्या वाफेचं तापमान साधारण १७५ अंश. तीच वाफ तुमच्या गेजच्या बोर्डन नळीत (प्रेशरने सरळ होऊन काटा फिरवणारी वाकडी नळी) जाते. पितळी-ब्रॉन्झ नळीचे जोड बहुतेक वेळा सोल्डरचे असतात आणि अशा गेजला आतलं माध्यम ६० अंशांच्या वर चालत नाही. नळीचा ताण उतरतो, ती सरळ झाली की परत पूर्ण वळत नाही. थंड असताना दीड किलो दिसतं ते यामुळेच असणार.

पण आधी तपासा. हेडर पूर्ण थंड आणि रिकामा असताना गेज काढा आणि हातात घेऊन बघा. मोकळ्या हवेतही दीडवर काटा असेल तर नळी गेली, गेज भंगारात. काढल्यावर शून्यावर आला तर नळी ठीक आहे आणि निपल किंवा व्हॉल्व्हमध्ये चोक होऊन प्रेशर अडकलं होतं. बोअरचं पाणी असेल आणि सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) मिठाने नीट रिजनरेट होत नसेल तर बॉयलरमधून पाणी वाफेबरोबर उडून क्षार तिथवर येतात. निपलमध्ये तार घालून बघाच.

रेंजही चुकलीय. ९ किलो चालवायला ०-१०.६ म्हणजे काटा कायम शेवटाला. स्थिर प्रेशर असेल तर चालतं प्रेशर रेंजच्या पाऊण भागापर्यंत, हेलकावे असतील तर ६५ टक्क्यांपर्यंत, एवढीच मर्यादा धरा. तुम्हाला ०-१६ लागेल. सेफ्टी व्हॉल्व्ह किती किलोला सेट आहे? तो उडेल तेव्हाचं प्रेशरही डायलवर वाचता आलं पाहिजे.

सरकी_जळगाव
सेफ्टी १०.५ ला. सायफन म्हणजे ती गोल वळलेली नळीच ना? ती नसली तरी प्रेशर दाखवतंच की.

अमळनेर_बॉयलर
तीच. तिच्या वळणात पाणी साठून राहतं, वाफ त्या पाण्याला दाबते आणि गेजपर्यंत फक्त पाणी पोचतं. प्रेशर तेवढंच, तापमान मात्र हात लावण्याजोगं.

हेडरच्या वर उभा टॅप आहे म्हणजे गोल वळणाची घ्या. आडव्या टॅपला यू आकाराची असते. उलटी लावली तर पाणी थांबत नाही. बसवल्यावर गेज लावायच्या आधी वरून साधं पाणी ओता, काठोकाठ येईपर्यंत. हे राहिलं की पहिल्याच दिवशी कोरड्या सायफनमधून वाफ थेट नळीत जाते. नवीन गेज पहिल्याच दिवशी जातं ते असंच.

धुळे_फिटर
सायफन लावा, पण गेज तरी ग्लिसरीनचंच घ्या. हेडरवर थरथर असतेच.

भुसावळ_इन्स्ट्रुमेंट
हेडरवर थरथर असेल तर आधी तिचं कारण शोधा. रिड्यूसिंग व्हॉल्व्ह (प्रेशर कमी करणारा) हंटिंग, म्हणजे सारखं उघड-बंद, करत असेल, किंवा हेडरच्या तळात कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) साठून पाण्याचे ठोके बसत असतील. ठोक्याने गेज एका क्षणात रेंजबाहेर जातं, तिथे ग्लिसरीन वाचवत नाही. हेडरचा ट्रॅप (ते पाणी बाहेर सोडणारा) चालतोय का बघा.

शिवाय आपल्याकडची उष्णता. मे महिन्यात जळगावात ४५ अंश, बॉयलरशेजारी सहज ५५. २० अंशांपासून दर १० अंशांना रेंजच्या ०.४ टक्के चूक वाढते, म्हणजे ५५ ला १.४ टक्के, ०-१६ च्या गेजला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. ग्लिसरीनचं केस बंद असेल तर आतली हवा फुगून आणखी चूक येते. म्हणून ०-१६ पर्यंतच्या रेंजमध्ये ते लावलं की वरचं रबरी बूच उघडून केसला हवा द्यावी लागते. बहुतेक ठिकाणी ते बूच कधी उघडलेलंच नसतं.

धुळे_फिटर
बूच उघडायचं हे बरोबर. पण कोरडं गेज कंपन असलेल्या जागी टिकत नाही, यावर मी ठाम आहे. फीड पंपाच्या डिस्चार्जला कोरडं लावून बघा.

भुसावळ_इन्स्ट्रुमेंट
फीड पंपाला ग्लिसरीन आणि स्नबर दोन्ही लावा, मान्य. इथे प्रश्न वाफेच्या हेडरचा आहे.

तापीकाठ
या सगळ्या भानगडीपेक्षा ट्रान्समीटर (प्रेशर विजेच्या सिग्नलने पाठवणारा) लावा. ४-२० मिलीअँपिअर, ०-१६ ला सेट केला की ८ किलोला बरोबर १२ मिलीअँपिअर. डिजिटल आकडा ऑफिसात बसून दिसतो, अलार्म देता येतो, लॉग मिळतो.

अमळनेर_बॉयलर
लावा, पण गेज काढून नाही. लाईट गेली की आकडा गेला आणि भट्टीत ब्रिकेट जळतच असते. फायरमनच्या डोळ्यासमोर काट्याचं गेज हवंच. आणि ट्रान्समीटरलाही सायफन चुकत नाही. वाफेला तो टॅपच्या खाली बसवायचा, नळी त्याच्याकडे उतरती, फुटाला इंचभर उतार. नळी पाण्याने भरून मगच झिरो करायचा. टॅपपासून ३ मीटर खाली बसवला तर पाण्याच्या उंचीमुळे ०.३ किलो जास्त दाखवेल, ते वजा करावं लागतं. गेज खाली आणलं तरी हाच हिशेब. केबलची शील्ड एकाच टोकाला अर्थ करायची आणि ब्लोअरच्या व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) केबलबरोबर एका ट्रेमध्ये टाकायची नाही, नाहीतर आकडा नाचत राहील.

केळी_सावदा
विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या केळीच्या कोल्ड स्टोरेजला अमोनिया आहे. तिथलं गेज बदलायचंय, पितळी कॉक तोच ठेवू का?

भुसावळ_इन्स्ट्रुमेंट
अजिबात नाही. अमोनिया आणि ओल मिळून पितळ-तांब्याला आतून तडे जातात, बाहेरून काही दिसत नाही आणि एक दिवस कॉक तुटून हातात येतो. नळी स्टेनलेस, कॉक आणि निपल लोखंडी किंवा स्टेनलेस, वायसरसुद्धा तांब्याचा नको. गेजवर अमोनिया लिहिलेलं असलं पाहिजे आणि व्हॅक्यूमची बाजूही हवी. तुम्ही वेगळा धागा काढा, तिथे मास्क आणि पंपडाऊनचं (लाईनमधला गॅस खेचून काढणं) लिहिता येईल. या धाग्यात ते हरवेल.

रावेर_ठिबक
ठिबकवाल्यांनीही ऐका. सँड फिल्टरच्या आधी आणि नंतर दोन वेगळी गेज लावू नका. एकच गेज तीन-मार्गी कॉकवर लावून दोन्ही बाजू आळीपाळीने बघा, म्हणजे गेजमधली चूक फरकात येत नाही. फरक अर्धा किलो झाला की बॅकवॉश.

सरकी_जळगाव
ठिबकचं नंतर बघू. माझं सांगा. आटे अर्धा इंच आहेत. टेफ्लॉन टेप घट्ट मारून बसवू का? आणि बॉल व्हॉल्व्ह बंद करून चालू लाईनवर बदललं तर चालेल ना?

धुळे_फिटर
व्हॉल्व्ह बंद करून सगळेच बदलतात. पाच मिनिटांचं काम.

अमळनेर_बॉयलर
धुळेकर, हा सल्ला देऊ नका. त्या बॉल व्हॉल्व्हची सीट टेफ्लॉनची. रोजच्या १७५ अंशांत ती मऊ पडून वाफ पासिंग (आतून निसटणं) सुरू झालेलं असतं आणि हँडल मात्र आडवं, म्हणजे बंद, दिसतं. वरचं गेज खराब, काटा अडकलेला, त्यामुळे आत प्रेशर आहे की नाही हे कळायला काही साधनच नाही. आटे सुटता सुटता गेज उडून तोंडावर येतं, मागून वाफ. सायफन असला तरी प्रेशर सुटताच त्यातलं गरम पाणी एका झटक्यात वाफ होतं. एकाच व्हॉल्व्हच्या भरवशावर वाफेची लाईन उघडायची नाही.

क्रम असा ठेवा. कुकर थांबवा, बॉयलरचा मेन स्टॉप व्हॉल्व्ह बंद करून त्याला साखळी-कुलूप आणि 'काम चालू' ची पाटी. हेडरचा ड्रेन उघडून ठेवा, तो उघडाच राहू द्या. ड्रेनमधून वाफ पूर्ण थांबली आणि हेडर हाताला थंड लागला की मग गेज. गेज शून्य दाखवतंय म्हणून सोडवायला घेऊ नका, ड्रेनकडे बघा. तोंडावर शील्ड, हातात चामड्याचे मोजे, आणि डायलच्या समोर किंवा मागे नाही तर बाजूला उभं राहायचं. शिफ्टच्या शेवटी केलं तर उत्पादनही अडत नाही.

भुसावळ_इन्स्ट्रुमेंट
आता आट्यांचं. अर्धा इंच एवढ्याने भागत नाही. अर्धा इंच बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचे आटे) आणि अर्धा इंच एनपीटी (अमेरिकन, निमुळते), दोन्हींना इंचाला १४ आटे. त्यामुळे एकमेकांत तीन-चार फेरे छान जातात आणि मग जाम होतात. एकाचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. टेप गुंडाळून हे जुळत नाही, आज गळालं नाही तर गरम-थंड होताना गळेल. गेजच्या बुडाजवळ काय छापलंय ते वाचा: जी १/२, एनपीटी की एम२०. एम२० चा पिच (दोन आट्यांतलं अंतर) दीड मिलीमीटर असतो.

जी १/२ म्हणजे बीएसपीचेच समांतर आटे. ते आट्यांवर सील होत नाहीत, टोकाखाली तांब्याचा वायसर बसतो, तो सील करतो. तिथे टेपचा उपयोग नाही, उलट टेपचे धागे गेजच्या बारीक भोकात जाऊन बसतात. वायसर जुना असेल तर लाल तापवून पाण्यात टाका, मऊ होतो. साध्या पाईप सॉकेटला वायसर बसायला तळ नसतो, म्हणून गेज अडॅप्टर घ्या, फिरत्या नटाचा मिळाला तर डायल हवी तिकडे वळवता येते. एनपीटी असेल तरच टेप, दोन-तीन वेढे, पुढचा पहिला आटा मोकळा सोडून.

आवळताना दोन पाने. एक सायफनवर किंवा कॉकवर धरायला, दुसरा गेजच्या चौकोनी बुडावर. डायल धरून फिरवली की आतली यंत्रणा सरकते आणि नवीन गेज बसवतानाच चुकीचं होतं.

धुळे_फिटर
वायसरचं मान्य. अडॅप्टर मात्र दोन्ही तोंडांचे आटे बघून घ्या, दुकानात मिसळलेले असतात.

अमळनेर_बॉयलर
आणि गेजच्या वरच्या सांध्यातून बारीकशी गळती असेल तरी सायफन निकामी होतो. थेंब-थेंब बाहेर जातो, मागून वाफ सरकत येते आणि पाणी संपतं. चालू केल्यावर अर्ध्या तासाने गेजच्या बुडाला सावधपणे हाताची मागची बाजू लावा. चटका बसला तर गळती आहे किंवा सायफन कोरडा आहे.

सरकी_जळगाव
बॉयलरवरच्या गेजला तीन-मार्गी कॉक आणि सायफन आहे. तेही गेज दरवर्षी जातं. फायरमन रोज सकाळी ब्लो करतो (कॉक उघडून वाफेने नळी साफ करतो), त्यात तर काही कमी नाही.

अमळनेर_बॉयलर
ब्लो केल्यावर कॉक लगेच गेजकडे वळवतो का?

सरकी_जळगाव
हो, लगेच. वाफ नीट आली की वळवतो.

अमळनेर_बॉयलर
तेच कारण. ब्लो करताना सायफनमधलं सगळं पाणी बाहेर जातं. लगेच वळवलं की कोरड्या नळीतून वाफ गेजमध्ये. ब्लो झाला की कॉक बंद स्थितीत ठेवायचा, वळणात कंडेन्सेट भरू द्यायचं, नळी हाताला निवाली की मग हळूहळू गेजकडे. काटा सावकाश चढला पाहिजे, उडी मारायला नको. आणि गेज हवेला उघडून काटा शून्यावर येतो का तेही त्याच वेळी बघायला सांगा. त्या कॉकचं इन्स्पेक्टरच्या टेस्ट गेजचं तोंड रंगाने बुजलेलं नाही ना?

सरकी_जळगाव
बघतो. हेडरसाठी गोल सायफन इथला फॅब्रिकेटर अर्ध्या इंचाच्या पाईपमधून वळवून देतो म्हणतोय, उद्याच मिळेल. घेऊ का?

भुसावळ_इन्स्ट्रुमेंट
पाईप कोणता, वेल्डवाला की सीमलेस? आयबीआरचं (भारतीय बॉयलर नियमांचं) प्रमाणपत्र देतोय का? वळवताना पाईप चेपला तर भोक अर्धं होतं आणि क्षार तिथेच अडकतात. वाफेच्या लाईनवरची वस्तू आहे, तपासणीत कागद मागतील. तयार सायफन आणि कॉक आयबीआर फॉर्म ३-सी सह घ्या, बॉल व्हॉल्व्हच्या जागी नीडल व्हॉल्व्ह किंवा गेज कॉक. दोन दिवस उशीर झाला तरी चालेल, तोवर हेडरचा तो बॉल व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि फायरमनला बॉयलरवरच्या गेजवर लक्ष ठेवायला सांगा.

सरकी_जळगाव
बरं. गेज ०-१६, डायल केवढी? आणि १०.५ ला लाल खूण काचेवर मारू का?

अमळनेर_बॉयलर
हेडरला १०० मिलीमीटर पुरे, उंचावर असेल तर १५०. खूण काचेवर नाही, काच फिरली की खूण फिरते. डायलवरच छापून किंवा लाल काट्यासह मागवा. कॅलिब्रेशनचं पत्रक एनएबीएल (लॅबला मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्य लॅबचं, आणि त्यावरचा क्रमांक गेजवरच्या क्रमांकाशी जुळवून मगच पैसे द्या.