मेंदूतला पू आणि रोबो: 'नुसतं बिल फुगवणं' नव्हे!

निशाचर: कालच्या धाग्यावर एकाने लिहिलं, 'मेंदूतलं गळू सुईनंच रिकामं करायचं, तर रोबो कशाला? बिल फुगवायला.' राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा. अहो, रोबो स्वतः कापत नाही. एमआरआयवर सर्जनने आखलेल्या रेषेवर तो सुईची नळी पक्की धरतो. कवटीला भोक सर्जनच पाडतो. गळू खोल, थॅलॅमसमध्ये (मेंदूच्या मधल्या भागात) असलं की मिलिमीटर मोजावे लागतात. व्हेंट्रिकलमध्ये, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत, फुटलं तर जीव वाचणं कठीण. आणि हे कालचं खूळही नाही. १९८५ मध्ये 'प्यूमा' या कारखान्यांसाठी बनवलेल्या रोबोने मेंदूच्या बायोप्सीच्या (तपासणीला तुकडा काढायच्या) सुईला दिशा दिली होती.

पांढरकोट: रेषा धरायला स्टिरिओटॅक्टिक फ्रेम आहे की, डोक्याला घट्ट बसवायची मोजपट्ट्यांची चौकट! स्वीडिश सर्जन लेक्सेलची, १९४९ ची. आम्ही आजही डोक्याला फ्रेम लावतो, सीटी काढतो, पू ओढतो. पुढे सहा-आठ आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. ते रोबो कमी करतो का?

माजघर: यंत्रांवर भांडत बसा. माझ्या भावाचा कान लहानपणापासून वाहायचा. घरी कोमट तेल घालायचे. सोळाव्या वर्षी डोकेदुखी, उलट्या. डॉक्टरांनी मायग्रेनच्या गोळ्या दिल्या. फिट आली तेव्हा कुठे सीटी झाला. टेम्पोरल लोबमध्ये, कानाच्या वरच्या मेंदूत, गळू! साध्या भोकातून पू काढला. वाचला, पण फिटच्या गोळ्या अजून चालू आहेत.

जुनाजाणता: तेलाला नावं ठेवू नका. आमच्या चार पिढ्यांनी घातलंय.

माजघर: चांगल्या कानात घाला! पडद्याला भोक असलेल्या, वाहत्या कानात नाही.

पांढरकोट: गळू तेलाने झालं नसेल. कोलेस्टिआटोमा, म्हणजे कानात साठत जाणारी त्वचेची गाठ, हाड पोखरतो, तिथून जंतू वर चढतात. पण तेलाच्या भरवशावर वर्षं गेली, हे खरं.

जुनाजाणता: म्हणजे दोष शेवटी आयांचाच?

माजघर: माझ्या आईबद्दल एक शब्द बोलू नका. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

निशाचर: विषय कानावर गेलाच आहे, तर मान्य करतो: वरवरच्या मोठ्या गळवाला रोबो लागत नाही. पण फॅलोच्या, म्हणजे जन्मजात हृदयदोषाने निळ्या पडणाऱ्या मुलाला असं गळू झालं, तर भूल देणंच जोखमीचं. आधीच्या स्कॅनवर रेषा आखली, तर भुलेत फ्रेम लावून सीटीपर्यंतची ने-आण वाचते. पांढरकोट, यावर बोला.

पांढरकोट: तेवढ्यापुरतं ठीक. पण आधी प्रत्येक तालुक्याला सीटी द्या, मग रोबो.

माजघर: भाचीचा कान महिनाभर वाहतोय. सोमवारी दाखवायला नेतेय.